कर्ज फिटेनासे झाले तर घर राखावे की गाडी?

भिलाईतील पावर हाउस हा भाग दुकानांनी, वर्कशॉपांनी आणि लहान ठेकेदारांनी गजबजलेला आहे. 1959 साली भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हापासून विदर्भातल्याही अनेक कुटुंबांनी इथे संसार थाटले. कारखान्यातल्या नोकरदाराला पगाराची शाश्वती असते. दुकानदाराला आणि ठेकेदाराला ती नसते. बिले अडकली की प्रथम उधारी थकते, मग हप्ते. अशा वेळी घराघरात एकच वाद सुरू होतो: घराचा हप्ता भरायचा की गाडीचा?

बहुतेक जण गाडीचा हप्ता आधी भरतात. गाडी दारातून गेली की चारचौघांत नाचक्की होते, घराचा हप्ता चुकल्याचे मात्र शेजाऱ्याला कळत नाही. पण अब्रूच्या या हिशेबात संसार बुडतो.

नादारीचा अर्ज घर वाचवत नाही

'कोर्टात दिवाळे काढले की सगळे माफ' असा गैरसमज सर्रास आढळतो. 2016 च्या दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाला, तोही फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना. भिलाईतल्या सामान्य कर्जदाराला आजही 1920 चा प्रांतिक नादारी कायदाच लागू आहे. त्यासाठी दुर्गच्या जिल्हा न्यायालयात अर्ज करावा लागतो.

न्यायालयाने नादार ठरवले की कर्जदाराची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते. भांडीकुंडी, कपडेलत्ते, कारागिराची अवजारे अशा काही वस्तू वगळल्या जातात. भविष्य निर्वाह निधीलाही संरक्षण असते. पण गहाण घरावरचा बँकेचा हक्क तसाच राहतो. बँक घर विकून आपले पैसे वसूल करू शकते आणि वर काही उरले तर ते इतर सावकारांत वाटले जाते. गाडीवरही बँकेचा बोजा असतो, म्हणून तिचीही तीच गत. तेव्हा काय राखायचे याचा निर्णय न्यायालयाची पायरी चढण्याआधीच घ्यायला हवा.

अमेरिकेत यासाठी वेगळी सोय आहे. तिथे दिवाळे काढणारा माणूस घराचे किंवा गाडीचे कर्ज लेखी कराराने पुन्हा आपल्या अंगावर घेऊ शकतो. वस्तू त्याच्याकडे राहते, पण पुढे हप्ते चुकले तर सुटका नसते. म्हणून करार न्यायालयात दाखल झाल्यावर 60 दिवसांपर्यंत, किंवा कर्जमुक्तीचा आदेश त्यानंतर झाला तर तोपर्यंत, त्याला तो मागे घेता येतो. आपल्याकडे असा करार नाही, पण प्रश्न तोच आहे: हे कर्ज पुढे खरोखर झेपणार आहे का?

कागद-पेन्सिल घेऊन बसावे

समजा, एका दुकानदाराचे घर आज 30 लाखांना विकले जाईल आणि त्यावर 18 लाखांचे कर्ज 9 टक्के व्याजाने बाकी आहे. हप्ता 17,000 रुपये. गाडीचे कर्ज 5 लाख बाकी आहे, हप्ता 12,000, आणि बाजारात तिची किंमत साडेतीन लाख. शिवाय व्यापाऱ्यांची देणी 9 लाख. घरात महिन्याला 32,000 येतात आणि किराणा, फी, औषधे यांवर 14,000 जातात.

खर्च आणि दोन्ही हप्ते मिळून 43,000 होतात. म्हणजे दरमहा 11,000 चा खड्डा, आणि व्यापाऱ्यांना एक पैसाही नाही. या गाडीवर पोट चालत नसेल तर पहिला निर्णय सोपा आहे. गाडी विकावी, पण बँकेची लेखी संमती घेऊन. बँकेने गाडी उचलून लिलावात काढली तर सहसा भाव कमी येतो आणि उरलेली रक्कम कर्जदाराकडूनच मागितली जाते. इथेही दीड लाख देणे राहतेच. मात्र दरमहा 12,000 चा हप्ता, विमा आणि पेट्रोल थांबते. गाडी टॅक्सी म्हणून चालत असेल आणि हप्ता फेडून वर काही मिळवत असेल, तर गोष्ट वेगळी.

आता घर. बँकेने मुदत 25 वर्षे केली तर हप्ता सुमारे 15,000 होईल. महिन्याला 3,000 उरतील. त्यातून साडेदहा लाखांची देणी कधी फिटणार? देणी दोन-तीन लाखांची असती, किंवा घरात दुसरी मिळकत सुरू होणार असती, तर घर जरूर राखावे. या कुटुंबाने मात्र घर स्वतः विकलेले बरे. 30 लाखांतून बँकेचे 18 आणि इतर साडेदहा लाख दिल्यावर विक्रीचा खर्च धरूनही कुटुंब जवळपास कर्जमुक्त होते. 7,000 च्या भाड्याच्या घरात राहिले तर दरमहा 11,000 शिल्लक पडतील.

घड्याळ बँकेच्या हातात

उशीर मात्र करू नये. 90 दिवस हप्ता थकला की खाते अनुत्पादित ठरते. मग 2002 च्या सरफेसी कायद्याखाली बँक 60 दिवसांची नोटीस देते. तिला लेखी हरकत घेता येते आणि बँकेला 15 दिवसांत उत्तर द्यावे लागते. ताबा घेण्याची कारवाई झाली तर 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. लिलावाची सूचना प्रसिद्ध होण्याआधी सर्व थकबाकी खर्चासह भरली तर घर सुटते. नोटीस न उघडता कपाटात टाकणे म्हणजे हे सारे दिवस फुकट घालवणे.

वसुली एजंटाला सकाळी 8 पूर्वी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करण्यास रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे. दमदाटी झाली तर बँकेकडे लेखी तक्रार करावी.

या चुका टाळाव्यात

घाबरून घर पत्नीच्या किंवा भावाच्या नावावर करू नये. हस्तांतरानंतर दोन वर्षांच्या आत दाखल झालेल्या अर्जावरून माणूस नादार ठरला, तर मोबदल्याशिवाय केलेला व्यवहार रिसीव्हर रद्द करवू शकतो. अर्जाआधीच्या तीन महिन्यांत एखाद्याच सावकाराला झुकते माप देऊन पैसे दिले, तर तेही परत मागवले जाऊ शकतात.

जामीनदाराला अंधारात ठेवू नये. 1872 च्या करार कायद्यानुसार त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कर्जदार नादारीतून मुक्त झाला तरी जामीनदार आणि सहकर्जदार सुटत नाहीत. कर्जाच्या कागदावर पत्नीची सही असेल तर बँक तिच्याकडे येणारच. म्हणून हा हिशेब नवऱ्याने एकट्याने मनात ठेवायचा नाही. सही करताना पत्नीला बोलावले होते, तर निर्णय घेतानाही तिला शेजारी बसवावे.

अर्ज करण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा आणि त्याहून आधी बँकेच्या व्यवस्थापकाला भेटावे. मुदतवाढ किंवा तडजोड हप्ते थकण्यापूर्वी मागणाऱ्याचे म्हणणे अधिक सहज ऐकले जाते. घर मोठे होते की लहान, दारात गाडी होती की स्कूटर, हे मुले विसरतील. रोज दाराची कडी वाजली की आईवडील दचकत होते, हे मात्र ती विसरणार नाहीत.