हतनूरचं पाणी म्हणजे नेमकं कुठलं पाणी?

आज माझी एक चूक सांगतो. तुमचं वर्ष वाचेल.

तापी-पूर्णेचा संगम चांगदेवला होतो आणि त्याच्या खालच्या अंगाला हतनूर धरण आहे. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी दर महिन्याला भिंतीजवळूनच नमुने घेतले, कारण तिथपर्यंत गाडी जाते. अहवालाला नाव दिलं, ‘हतनूरमधील वनस्पतिप्लवक’. गाईड सरांनी एवढंच विचारलं, “कुठल्या हतनूरमधले?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

वनस्पतिप्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारी सूक्ष्म शेवाळं. त्यांना प्रकाश लागतो आणि नायट्रोजन, फॉस्फरससारखी पोषकद्रव्यंही लागतात. पावसाळ्यात पूर्णा अकोला-बुलढाण्याकडची काळी माती घेऊन येते. तिच्यासोबत पोषकद्रव्यं येतात, पण त्याच मातीने पाणी गढूळ होऊन प्रकाश अडतो. ताट वाढलेलं आहे, पण दिवा नाही! गाळ बसला की तेच पाणी हिरवं होऊ लागतं. म्हणून संगम, भिंत आणि उथळ काठ यांचे आकडे एकाच दिवशी वेगळे येऊ शकतात.

दुसरी गोष्ट. पाणी काचतंतूच्या फिल्टरमधून गाळलं की वर जिवंत शेवाळंच राहतात असं नाही. मेलेल्या पेशी, पालापाचोळ्याचे कण, माती, सगळंच अडकतं. फिल्टर वाळवून, वजन करून ५५० अंश सेल्सिअसला जाळला की घटलेल्या वजनावरून सेंद्रिय कणांचा अंदाज येतो. (चिकणमाती जास्त असेल तर तिच्यातलं बांधलेलं पाणीही उडतं आणि आकडा फुगतो. सांभाळा.) दुसऱ्या फिल्टरवरचं क्लोरोफिल ९० टक्के अॅसिटोनमध्ये काढायचं. ते जिवंत शेवाळांची खूण. सेंद्रिय कण भरपूर पण क्लोरोफिल कमी, तर बराचसा माल मेलेला किंवा जमिनीवरून वाहून आलेला असण्याची शक्यता जास्त.

हे फक्त खान्देशातच घडतं असं समजू नका. स्वालबार्डमधल्या काँग्सफ्योर्ड या खाडीच्या काठावर भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र २००८ पासून आहे. २०१४ मध्ये याच खाडीत भारताने ‘इंडआर्क’ ही निरीक्षणयंत्रणा पाण्याखाली बसवली. उन्हाळ्यात खाडीच्या आतल्या टोकाला वितळत्या हिमनद्या गाळ आणतात आणि प्रकाश अडतो. तोंडाकडे अटलांटिकचं पाणी शिरतं, ते जास्त स्वच्छ असतं. खाडी एकच, पण दोन टोकांची गोष्ट वेगळी. तिथे हिमनदी, आपल्याकडे पूर्णा.

तेव्हा तुम्ही धुळ्याच्या नकाणे तलावावर काम करा नाहीतर अक्कलपाड्यावर, आधी नकाशा काढा. पाणी येतं तिथे, मधोमध आणि बाहेर पडतं तिथे, अशी निदान तीन ठिकाणं ठरवा. प्रत्येक वेळी सेकी डिस्क सोडून पारदर्शकता मोजा. पावसाळा टाळू नका. आणि सरासरी सगळ्यात शेवटी काढा, कारण जो फरक शोधायला आपण गेलो, तोच ती पुसून टाकते.

माझ्या त्या वर्षाचे आकडे प्रबंधात आहेत, पण शीर्षक बदललं आहे: ‘हतनूर, भिंतीजवळ’.