हात बसेपर्यंत

तालुक्याच्या गावात एसटी स्टँड ओलांडलं की फॅब्रिकेशनचं दुकान लागतंच. रस्त्याच्या कडेला आडवं टाकलेलं गेट, भिंतीला टेकवून ठेवलेले अँगल आणि चौकोनी पाइप, आत ग्राइंडरच्या ठिणग्या. कांदाचाळीचा सांगाडा इथे तयार होतो, गोठ्याची शेड, ट्रॅक्टरची ट्रॉली, शाळेची बाकं, अंगणवाडीतली घसरगुंडीही. हंगामात उसाने शिगोशीग भरलेली ट्रॉली रस्त्यावर आपल्या गाडीपुढे डुलत चाललेली असते, तेव्हा तिचा सगळा भार करंगळीएवढ्या जाडीच्या सांध्यांवर असतो. हा सांधा मारणाऱ्याला कोणी शिकवलं, कसं शिकवलं, हे मला फार दिवसांपासून बघायचं होतं. संपादकांनी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांवर लिहायला सांगितलं, आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या सरकारी आयटीआयमध्ये गेल्यावर मी बाकीचे ट्रेड बाजूला ठेवून वेल्डिंगच्या शॉपमध्येच थांबलो.

अधिकृत इतिहास थोडक्यात सांगता येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर घरी परतलेले सैनिक आणि फाळणीत घरदार गमावलेली माणसं यांच्या हाताला काम मिळावं म्हणून सरकारने प्रशिक्षणाची जी व्यवस्था उभी केली होती, तिच्याच वाटेने 1950 मध्ये शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना आली. 1961 मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. आज महाराष्ट्रात चारशेहून अधिक सरकारी आयटीआय आहेत. वेल्डर हा त्यातला एका वर्षाचा ट्रेड. आठवी पास मुलाला प्रवेश मिळतो, तुकडी वीस जणांची. 2022 च्या अभ्यासक्रमात वर्षाचे 1200 तास धरलेले आहेत आणि त्यातले 840 प्रात्यक्षिकाचे. मला उत्सुकता होती ती या 840 तासांची.

सुरुवातीला ठिणगी दिसत नाही. हॅकसॉने पट्टी कापायची, कानस मारून कडा सरळ करायची, खुणा करून पंच मारायचा. मुलं कंटाळतात. पण कड सरळ नसेल तर सांध्यात फट राहते, आणि फट भरायला जास्त वितळवावं लागतं. पुढच्या सगळ्या दुखण्याचं मूळ तिथे असतं, म्हणून निदेशक सर या दिवसांत कुणालाच सूट देत नाहीत. मग गॅस. ऑक्सिजनचं सिलिंडर काळं, ॲसिटिलीनचं मरून. ॲसिटिलीनचे आटे उलटे असतात, घाईत चुकूनसुद्धा एकाचा नट दुसऱ्यावर बसू नये म्हणून. गॅसने पत्रा कापताना लोखंड नुसतं वितळत नाही, तापून लाल झालेल्या जागी शुद्ध ऑक्सिजनचा झोत सोडला की ते चक्क जळतं आणि त्याची राख त्याच झोताने खाली उडून जाते. ही गोष्ट कळल्यावर एका मुलाने कापलेली कड पुन्हा उचलून पाहिली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

त्यानंतर रॉड हातात येतो. नव्या मुलाचा रॉड प्लेटला चिकटतो, तो झटका देतो, रॉड वाकतो, वरचं आवरण निघून पडतं. ते आवरण जळून त्याचा वायू होतो आणि वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवतो. वर जो काळपट थर जमतो तो स्लॅग. आवरण गेलेला रॉड म्हणजे वाया गेलेला रॉड. ठिणगी धरून ठेवायला जमलं की अंतराचा प्रश्न येतो. रॉडचं टोक प्लेटपासून साधारण त्याच्या जाडीइतकंच दूर हवं, म्हणजे 3.15 मिलिमीटरच्या रॉडला तीनेक मिलिमीटर, आणि रॉड तर जळून क्षणाक्षणाला आखूड होत असतो. हाताने पुढे सरकायचं आणि त्याच वेळी खालीही उतरत राहायचं. काळ्या काचेतून दिसतं फारच थोडं. म्हणून सर मुलाच्या मागे उभे राहून डोळे मिटतात. कढईत भजी सोडल्यावर येतो तसा एकसारखा चर्र आवाज आला तर अंतर बरोबर. फटफट झाली की रॉड लांब गेला, आवाज दबला की तो चिकटायच्या बेतात आहे. वीस केबिनपैकी कुठला मुलगा कुठे चुकतोय हे त्यांना शॉपच्या मधोमध उभं राहून कळत होतं.

‘बघू नकोस नुसता, ऐक,’ एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत होते.

मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवलं ते मात्र पुढच्या धड्याने. एक पट्टी आडवी, तिच्या मधोमध दुसरी उभी. एका मुलाने गुण्या लावून दोन्ही टोकांना टाके मारले, एका बाजूने रन, म्हणजे वेल्डची सलग रेघ, मारला, चिपिंग हातोडीने स्लॅग काढला, ब्रश फिरवला. रन देखणा होता. सरांनी त्याच्या हातात पुन्हा गुण्या दिला. उभी पट्टी वेल्डच्या बाजूला झुकलेली.

‘सर, मघाशी काटकोनात होती की!’

‘मघाशी वेल्ड नव्हतं. ते निवताना ओढतं. लोखंड ओढतंच.’

एक मीटर लांबीची लोखंडी सळई 100 अंशांनी तापली तर जेमतेम 1.2 मिलिमीटर वाढते. ऐकायला किरकोळ वाटतं. पण सांध्याजवळचं पोलाद 1500 अंशांच्या घरात जाऊन वितळतं आणि दोन बोटांवरची प्लेट त्या मानाने थंडच असते. तापलेल्या भागाला पसरायचं असतं, भोवतालचं थंड लोखंड जागा देत नाही, मग तो मऊ पडलेला भाग जागच्या जागी दबतो. निवायला लागला की आधीपेक्षा आखूड होऊ बघतो आणि सोबतच्या सगळ्याला स्वतःकडे खेचतो. ही ओढ कुणालाच थांबवता येत नाही. घट्ट शिकंज्यात धरलं तर प्लेट वाकत नाही, पण ताण आत साठून राहतो आणि पुढे कधीतरी तडा जातो.

तेव्हा ही ओढ अंदाजात धरायची. सरांनी दुसरी जोडी घेतली आणि उभी पट्टी वेल्डच्या विरुद्ध बाजूला दोन-तीन अंश कलती ठेवून टाके मारले. रन मारून झाला आणि पट्टी निवता निवता हळूहळू उभी झाली. गुण्या लावला तर फटीतून उजेड दिसेना. मी विचारलं, नेमकं किती कलतं ठेवायचं याचा काही तक्ता आहे का? ते म्हणाले, तक्ते आहेत, पण ते या मुलांच्या हाताचे नाहीत. प्लेटची जाडी, करंट आणि रनचा आकार तक्त्यात बसतो. हाताचा वेग बसत नाही. सावकाश हात चालवणारा जास्त उष्णता ओततो, त्याचा जॉब जास्त ओढला जातो. चलाख हाताचा कमी. प्रत्येक मुलाची ओढ वेगळी असते, आणि ती त्याची त्यालाच, जॉबमागून जॉब वाकडे करून, सापडावी लागते.

हे ऐकल्यापासून मी या शॉपकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. कोपऱ्यात पडलेला वाकड्या टी-जॉइंटचा ढीग, ज्याला भेट द्यायला येणारा अधिकारी भंगार समजेल, तो खरा अभ्यासक्रम होता.

गेटची चौकट करायला घेतात तेव्हा हीच ओढ चार कोपऱ्यांत विभागली जाते. तीन फूट बाय चार फूट चौकट असेल तर दोन्ही कर्ण पाच फूट आलेच पाहिजेत. शाळेत पायथागोरसपाशी अडखळलेली मुलं इथे टेपचं टोक कोपऱ्यात दाबून धरतात आणि ‘अडीच सूत जास्त आहे’ असं ओरडून सांगतात. मग लांबलेल्या कर्णाचे दोन कोपरे ठोकून जवळ आणायचे, पुन्हा मोजायचं, आणि वेल्ड ओळीने न मारता एक कोपरा झाला की समोरचा घ्यायचा, म्हणजे एका बाजूची ओढ दुसरी बाजू फेडते. या तुकडीत एकच मुलगी होती. चौकट जुळवण्यात तिचा हात सगळ्यांत स्वच्छ. ती टाके मारायच्या आधी मोजते आणि नंतरही मोजते, बहुतेक मुलं फक्त नंतर मोजतात.

काही संस्थांत आता वेल्डिंगचं सिम्युलेटर आलं आहे. हेल्मेट घालायचं, खोटी टॉर्च धरायची, पडद्यावर रन उमटतो आणि गुण मिळतात. कोन आणि अंतर सुधारायला त्याचा उपयोग होतो, त्यात रॉडही जळत नाही. पण निवलेली पट्टी गुण्याला लावून बघण्याचा अनुभव त्यात येत नाही, आणि माझ्या मते या कामाचं शहाणपण त्याच क्षणी येतं.

तो अनुभव घ्यायचा तर खरे रॉड जाळावे लागतात, आणि इथूनच काळजी सुरू होते. 3.15 मिलिमीटरचा एक रॉड दीड-एक मिनिटात संपतो, मागे उरतं बोटभर थोटूक, आणि त्या बदल्यात वीतभर रन होतो. एका मुलाने दिवसाला नुसते 25 रॉड जाळले तरी ठिणगी धरलेली वेळ 40 मिनिटांच्या आतच राहते. 20 मुलांचे मिळून 500 रॉड झाले. त्यावर प्लेट, गॅस, ग्राइंडरची चाकं, वीज. कच्च्या मालाचा पैसा वेळेवर येत नाही तेव्हा सगळ्यात आधी आखडते ती हीच गोष्ट. सर एकच प्लेट वेल्ड करवून घेतात, सांधा कापून काढतात, उरलेल्या पट्ट्या पुन्हा जोडायला देतात, त्या इतक्या अरुंद होईपर्यंत की धरायला जागा राहत नाही. अरुंद पट्टी लगेच तापून जाते आणि तिची ओढही खरी राहत नाही. मुलगा शिकतो ते त्या पट्टीपुरतंच.

निदेशकांच्या जागा रिकाम्या राहिल्या की दोन तुकड्या एकाच्या गळ्यात पडतात, आणि मग मागे उभं राहून कान देणारं कुणी उरत नाही. लेखी परीक्षा संगणकावर, पर्याय निवडून द्यायची. ती जवळजवळ सगळी मुलं पास होतात. हजेरी भरते, निकाल लागतो, कागदावर काहीच कमी दिसत नाही. फक्त हात बसलेला नसतो.

मुलांच्या शरीराचं काय, हाही प्रश्न मला तिथे सोडेना. काच न धरता टाके मारायची सवय गावातल्या दुकानांत सर्रास आहे. अतिनील किरणांनी बुबुळ भाजतं, त्या वेळी काही कळत नाही, रात्री डोळे खुपायला लागतात, उघडवत नाहीत, पाणी थांबत नाही. बटाट्याचे काप ठेवून सकाळी पुन्हा कामावर जाणारी माणसं मी पाहिली आहेत. जस्त चढवलेला पाइप वेल्ड केला की त्याच्या धुराने संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2017 मध्ये वेल्डिंगचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातला. या शॉपमध्ये धूर ओढणारे पंखे आहेत, आणि मी गेलो तेव्हा त्यातले निम्मे बंद होते. सर खिडक्या उघड्या ठेवतात, पाइपचं जस्त आधी घासून काढायला लावतात, आणि काच बाजूला ठेवून टाका मारताना कुणी दिसला तर त्याचा होल्डर त्या दिवसापुरता काढून घेतात. या एका बाबतीत मी त्यांना चिडलेलं पाहिलं.

बाहेर काम आहे का? आहे. चाकणच्या मोटार कारखान्यांत बॉडीचं वेल्डिंग रोबोट करतात, तिथे माणूस लागतो तो रोबोट सांभाळायला आणि त्याचे चुकलेले सांधे दुरुस्त करायला. पण साखर कारखान्यात माणसाच्या हाताला अजून पर्याय नाही. गळीत हंगामात रोलरचे दात झिजून गुळगुळीत होतात आणि ऊस निसटायला लागतो. मिल चालू असतानाच वेल्डर फिरत्या रोलरवर कडक धातूचे ठिपके टाकत राहतो, म्हणजे पकड परत येते. हंगाम संपला की पाइप, टाक्या, बॉयलर यांची दुरुस्ती. बॉयलरचा सांधा मात्र आयटीआयच्या प्रमाणपत्रावर कुणी मारू देत नाही. त्यासाठी भारतीय बॉयलर नियमावली, 1950 प्रमाणे वेगळी चाचणी द्यावी लागते. नमुना वेल्ड करायचा, त्याच्या पट्ट्या कापून वाकवून बघतात, तडा गेला की नापास. ही चाचणी पार केलेल्या वेल्डरची मजुरी आणि मान दोन्ही वेगळे. ज्याला हे जमत नाही तो कंत्राटदाराकडे रोजावर राहतो, कित्येकदा हेल्परच्याच दराने, आणि दोन-तीन वर्षांत काम सोडून देतो. सरांच्या जुन्या तुकड्यांतली डिलिव्हरीच्या गाड्या चालवणारी मुलं त्यांना बाजारात भेटतात.

2025 मध्ये केंद्राने देशातल्या 1,000 सरकारी आयटीआयच्या सुधारणेसाठी 60,000 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. या पैशातून नवी यंत्रं येतील, इमारती रंगतील, ते हवंच आहे. माझी मागणी एवढीच की प्रत्येक मुलाने वर्षात किती किलो रॉड जाळले आणि किती जाडीच्या किती प्लेटी जोडल्या, याची नोंद हजेरीइतकी काटेकोर ठेवावी आणि निधी त्या आकड्याला बांधावा. उद्योगांनाही यात हात देता येईल. प्लेट कापल्यावर उरणारे तुकडे एमआयडीसीतले कारखाने भंगारवाल्याला किलोवर विकतात. तेच तुकडे चार-सहा इंच रुंद असले की शॉपमध्ये महिनाभराचा सराव होतो. पण सरकारी संस्थेने भंगार घ्यायचं म्हटलं की पावती, नोंदवही, मंजुरी यांत ते अडकतं आणि कारखानदारालाही वाट पाहायला सवड नसते.

सर तरीही सुट्टीच्या दिवशी ओळखीच्या कारखान्यांत जाऊन विचारून येतात. 6 मिलिमीटरचे तुकडे मिळाले तर टी-जॉइंटचा सराव होतो, 10 मिलिमीटरची प्लेट मिळाली तर उभ्या सांध्याचा. गेल्या खेपेला 6 चेच मिळाले. बॉयलरच्या चाचणीला बसायचं ठरवलेले तिघं जण आहेत, त्यात ती मुलगी आहे, आणि त्यांच्यासाठी 10 ची प्लेट अजून शोधायची आहे.