जुन्या संगणकासाठी सुटसुटीत विंडोज: निवडीचे निकष

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था आवश्यक ठरली. त्यामुळे भुसावळसारख्या शहरात घरी, दुकानांत व शिकवणी वर्गांत चालणाऱ्या जुन्या संगणकांसाठी अनावश्यक भाग वगळलेल्या आवृत्त्यांचा विचार होतो.

टायनी ११: ही खुली स्क्रिप्ट मूळ आयएसओतून, म्हणजे इन्स्टॉलेशनच्या एकत्रित फाइलमधून, आधीच घातलेली अ‍ॅप काढते. तिची ‘कोर’ आवृत्ती मात्र विंडोजचा घटकसाठाच काढून टाकते, परिणामी सुरक्षा अपडेट, भाषा किंवा सुविधा पुढे जोडता येत नाहीत; विंडोज १० पासून ‘मंगल’ हा फॉन्टही ऐच्छिक सुविधांत गेला असल्याने मराठीत काम करणाऱ्यांनी ती टाळावी.

अ‍ॅटलस आणि रेव्हीओएस: या तयार प्रती नसून अधिकृत विंडोजवर चालवायच्या बदलांच्या याद्या आहेत, ज्या उघडून तपासता येतात, परंतु विषाणूरोधक संरक्षण बंद करण्याचा पर्याय स्वीकारू नये.

पेनड्राइव्हवरून मिळणारी तयार प्रत: तिच्यात काय मिसळले आहे हे सामान्य वापरकर्त्याला कळू शकत नाही आणि मायक्रोसॉफ्टचा परवानाही अशा वितरणाला मुभा देत नाही, म्हणून ती पूर्णपणे वर्ज्य मानावी.

लिनक्स मिंट, एक्सएफसीई आवृत्ती: ब्राउझर, पत्रलेखन आणि हिशेबतक्ते एवढेच काम असल्यास, मुळातच हलकी, मोफत आणि नियमित अपडेट मिळणारी ही प्रणाली काटछाट केलेल्या विंडोजपेक्षा अधिक सुरक्षित ठरते.