निष्क्रिय द्रव : त्याचे गुण, उपयोग व एक सावधगिरी

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील गावोगावी विजेची डीपी उभी असते. तिच्या टाकीत तेल भरलेले असते, ही गोष्ट पुष्कळ विद्यार्थ्यांस ठाऊक नसते. ते तेल आतील वेटोळ्यांची उष्णता बाहेर वाहून नेते व वीज भलतीकडे जाऊ देत नाही. परंतु ते खनिज तेल असल्यामुळे पेट घेऊ शकते. हीच दोन्ही कामे करणारा, पण न पेटणारा द्रव रसायनशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकात घडविला. त्यास परफ्लुओरोकार्बन म्हणतात.

रॉकेलमध्ये कार्बनच्या अणूंस हायड्रोजनचे अणू जोडलेले असतात. अशा संयुगातील सर्व हायड्रोजनच्या जागी फ्लुओरीन आला म्हणजे हा पदार्थ सिद्ध होतो. कार्बनी संयुगांतील एकेरी बंधांत कार्बन व फ्लुओरीन यांचा बंध सर्वांत बळकट होय. म्हणून हा द्रव सहसा कशाशीही संयोग पावत नाही. त्यास रंग नाही, वास नाही. तो पाण्यात विरघळत नाही व तेलातही मिसळत नाही. एक लिटर द्रवाचे वजन सुमारे १.७ किलोग्रॅम किंवा त्याहून अधिक भरते. वर्गात काचेच्या बाटलीत पाणी व गोडेतेल घालून दाखवावे आणि हा तिसरा द्रव ओतल्यास तो कोठे राहील, असे विचारावे. बहुतेक मुले ‘सर्वांत वर’ म्हणतील, कारण न मिसळणारे ते तरंगणारे अशी त्यांची समजूत असते. वस्तुतः तो तळाशी बसेल.

१९८५ साली अमेरिकेत तयार झालेल्या क्रे-२ या महासंगणकाचे विद्युत्‌मंडल अशाच द्रवात बुडविलेले होते. त्याहून नवलाचा गुण म्हणजे प्राणवायू सामावून घेण्याची त्याची शक्ती. चैत्र-वैशाखात डोह आटू लागले की पहाटे मासे पृष्ठभागी येऊन तोंडे उघडतात, हे मुलांनी पाहिलेले असते. त्या पाण्यात प्राणवायू उरलेला नसतो. शुद्ध प्राणवायूच्या सान्निध्यात १०० मिलिलिटर पाण्यात त्या वायूचे सुमारे ३ मिलिलिटर विरघळतात, तर या द्रवात ४० ते ५०. १९६६ साली लेलंड क्लार्क व फ्रँक गोलन यांनी प्राणवायूयुक्त द्रवात उंदीर बुडविले, आणि ते द्रवातच श्वासोच्छ्वास करीत जिवंत राहिले. नेत्रपटल सुटलेल्या रुग्णांच्या शस्त्रक्रियेत हा जड द्रव पटलास जागेवर दाबून धरतो. काम संपताच तो काढून घेतात.

येथे शिक्षकाने एका शब्दाबाबत जपावे. ‘निष्क्रिय’ म्हणजे ‘निरुपद्रवी’ नव्हे. ज्याचा कशाशी संयोग होत नाही, त्याचा नाशही सहजी होत नाही. परफ्लुओरोहेक्झेन हा या वर्गातील एक द्रव ५६ अंश सेल्सिअसच्या सुमारास उकळतो, म्हणून उघडा राहिल्यास उडून जातो. हवेत मात्र तो तीन हजार वर्षांच्या आसपास टिकतो, आणि वजनास वजन धरता शंभर वर्षांत कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे आठ हजार पट उष्णता अडवितो. १९९७ च्या क्योटो करारात परफ्लुओरोकार्बनांचा समावेश झाला तो याचमुळे. फ्लोरिनर्ट नावाने हे द्रव विकणाऱ्या थ्रीएम कंपनीनेही २०२५ अखेर या विस्तृत कुलातील पदार्थांचे उत्पादन थांबविण्याचे डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केले.

या कुलातील काही पदार्थ पाण्यात विरघळतात, व ते अधिक जाचक ठरले आहेत. इटलीत त्रिस्सिनो येथील एका कारखान्यामुळे व्हिचेंझा परिसरातील भूजल दूषित झाले. २०१८ मध्ये तो कारखाना दिवाळखोर झाला, आणि त्याची यंत्रसामग्री पुढे रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे परशुराम येथे आली. विषय परदेशातला आहे असे म्हणून तो सोडून देता येत नाही.

टिकाऊपणा म्हणजे काय, हे दाखविण्यास हा महागडा द्रव आणण्याचे कारण नाही. जूनमध्ये शाळेच्या आवारात सागाचे पान, वर्तमानपत्राचा तुकडा व प्लास्टिकची पिशवी वीतभर खोल पुरावी, आणि दिवाळीच्या सुटीनंतर मुलांकडूनच उकरून घ्यावी. पुरलेल्या जागी खुंटी मात्र ठोकून ठेवावी. पावसाळी गवतात ती जागा पुन्हा सापडत नाही.