भाजका लसूण: चवीला उत्तम, औषध म्हणून कच्चा

सहा पाकळ्या लसूण भाजून खाल्ला की चोवीस तासांत शरीराची आतून सफाई होते, असा निरोप व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यातला तासातासाचा हिशेब कुणी मांडला, देव जाणे. ही सफाई यकृत आणि मूत्रपिंडं रोजच करतात. ती लसणासाठी खोळंबून राहत नाहीत.

लसणाचे जे गुण सांगितले जातात, त्यातले बरेचसे ॲलिसिनच्या खात्यावर जमा आहेत. गंमत अशी की अखंड पाकळीत ॲलिसिन जवळपास नसतंच. पाकळी ठेचली की आतलं एन्झाइम गंधकयुक्त घटकाला भिडतं आणि मग ते तयार होतं. खलबत्त्यातून नाकात चढणारा दर्प त्याचाच. अख्खा गड्डा भाजला तर ते एन्झाइम उष्णतेने आधीच निकामी होतं. भाजक्या लसणाचा तिखटपणा जातो तो यामुळेच. ॲलिसिनच हवं असेल, तर लसूण ठेचून दहा मिनिटं ठेवा आणि मग शिजवा. काही अंश टिकतो.

गोडवा येतो तो लसणातल्या फ्रुक्टन नावाच्या साठ्यातून. मंद आचेवर तो हळूहळू तुटतो आणि फळांतली साखर, म्हणजे फ्रुक्टोज, मोकळी होते. घाईने मोठ्या आचेवर भाजलात, तर पाकळी बाहेरून करपून कडू होते आणि आत कच्चीच राहते.

‘ओव्हन नाही, मग कसं जमणार?’ खानदेशात भरिताच्या वांग्याला चिरा पाडून त्यात पाकळ्या खोचतात आणि वांगं निखाऱ्यावर ठेवतात. त्यांना कुणी ओव्हन विचारला नाही. घरात जाड बुडाची कढई, झाकण आणि बारीक गॅस पुरे. ओव्हन असेलच, तर १८० ते २०० अंशांवर मोठ्या गड्ड्याला साधारण ४० मिनिटं लागतात. गावरान लसणाच्या पाकळ्या बारीक असतात, तो लवकर होतो आणि लवकर वाळतोही.

लसूण कधी हिरवा-निळा पडतो. तो विषारी नसतो. गंधकाच्या संयुगांची अमिनो आम्लांशी झालेली ती प्रक्रिया आहे. खुशाल खा.

खरी काळजी घ्यायची ती साठवणुकीची, आणि नेमकी तिथेच आपण निर्धास्त असतो. तेलात बुडवला की लसूण टिकतो, हा समज धोक्याचा आहे. मातीतून आलेले क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू घरगुती भाजणीत मरत नाहीत. तेलाखाली हवा नाही, लसणात आंबटपणा नाही; त्यांना वाढायला आणखी काय हवं? १९८५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये फ्रिजबाहेर ठेवलेल्या, तेलातल्या चिरलेल्या लसणामुळे एका रेस्टॉरंटच्या ३६ गिऱ्हाइकांना या जिवाणूच्या विषाने होणारा बोट्युलिझम झाला. लोणच्याचं उदाहरण इथे देऊ नये. त्यात लिंबू किंवा व्हिनेगर असतं, भरपूर मीठ असतं.

भाजका लसूण तेलात ठेवायचाच असेल, तर लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा. जास्त दिवस हवा असेल, तर फ्रीझरमध्ये गोठवा. ओट्यावर राहिलेली बरणी वास घेऊन किंवा चाखून तपासू नका, सरळ फेकून द्या. या विषाला ना वास असतो, ना चव.