घुडखर : गाढवाचा रणातला भाऊबंद

जेजुरीला पौष पौर्णिमेस गाढवांचा मोठा बाजार भरतो. तेथे गुजरातेतून काठेवाडी गाढवेही येतात. त्याच गुजरातेत, कच्छच्या छोट्या रणात, फिकट तांबूस रंगाची रानगाढवे कळपांनी हिंडतात. त्यांना तेथे ‘घुडखर’ म्हणतात. मग विद्यार्थी मित्रांनो, आपले गाढव म्हणजे माणसाळलेला घुडखरच असेल काय?

मुळीच नाही! पेशींतील गुणसूत्रे मोजली, तर गाढवात ती ६२ भरतात. घुडखराच्या जातीत मात्र ५४ ते ५६. शिवाय २००४ साली डीएनएची तुलना झाली, तेव्हा गाढवाचे मूळ आफ्रिकेतील रानगाढवांत सापडले. घुडखर आहे आशियाई. घोडा, झेब्रा, गाढव, घुडखर हे सारे एकाच अश्वकुळातले; पण गाढव आणि घुडखर यांचे नाते बाप-लेकाचे नसून चुलत भावांचे.

रोगांना मात्र हे नाते पुरेसे जवळचे वाटते. चावणाऱ्या माश्यांनी पसरणारा ‘सर्रा’ आणि चिलटांमार्फत पसरणारा ‘आफ्रिकी अश्वरोग’ पाळीव जनावरांप्रमाणे रानातल्या भाऊबंदांनाही गाठतात. १९६० च्या सुमारास या रोगांनी घुडखरांचा संहार केला. १९६९ च्या गणनेत अवघे ३६२ आढळले! पुढे अभयारण्य झाले, संरक्षण मिळाले आणि २०२४ मध्ये ही संख्या ७६७२ वर गेली.

तरीही बहुतेक सारे घुडखर या एकाच मुलखात आहेत. म्हणून तेथील पाळीव घोड्या-गाढवांच्या आजारावर वेळीच इलाज करणे, हीदेखील घुडखरांची राखणच होय.