परावलंबी प्रौढांची मुखस्वच्छता : सोलापूरच्या कुटुंबांतील एक दुर्लक्षित शुश्रूषा

अर्धांगवायू, स्मृतिभ्रंश किंवा अन्य दीर्घ आजाराने घरातील वडीलधारी व्यक्ती परावलंबी झाली की, तिच्या शुश्रूषेचा भार बहुधा सुनेवर वा मुलीवर येतो. अंघोळ, जेवण, औषधे, कूस बदलणे ही कामे निष्ठेने केली जातात. तोंडाची स्वच्छता मात्र मागे पडते. दुसऱ्याच्या उष्ट्या तोंडात हात घालण्याचा संकोच यामागे आहेच. परंतु खरे कारण असे की, या कामाची गणना आपण शुश्रूषेत न करता टापटिपीत करतो. प्रस्तुत लेखात या समजुतीचा सोलापूरच्या संदर्भात विचार केला आहे.

गिळण्याची क्रिया मंदावलेल्या रुग्णाची लाळ, विशेषतः झोपेत, नकळत श्वासनलिकेत उतरते. तोंड अस्वच्छ असल्यास तिच्याबरोबर जंतूही फुप्फुसात जातात व न्यूमोनिया उद्भवतो. जपानमधील ११ शुश्रूषागृहांतील दोन वर्षांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. नियमित मुखस्वच्छता लाभलेल्या रहिवाशांपैकी ११ टक्के, तर इतरांपैकी १९ टक्के व्यक्तींना न्यूमोनिया झाला होता. दात नसलेल्यांनाही हा लाभ झाला, हे विशेष. ‘दातच नाहीत, मग घासायचे काय?’ या आपल्याकडील नेहमीच्या प्रश्नाला यात उत्तर मिळते.

सोलापूर परिसरात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, तो मिश्रीचा. तंबाखू तव्यावर भाजून केलेली ही पूड बोटाने दातांना व हिरड्यांना चोळण्याची सवय जुन्या पिढीतील अनेक स्त्रियांना आहे, आणि त्यांच्या लेखी हेच ‘दात घासणे’ होय. अंथरुणाला खिळलेली सासू मिश्री मागते तेव्हा सून पेचात पडते. तंबाखू देऊ नये हे निर्विवाद. परंतु केवळ दटावून भागत नाही. सवय तुटल्याने होणारी चिडचिड व अस्वस्थता डॉक्टरांच्या कानावर घालावी. बोटाचा स्पर्श मात्र त्या स्त्रीच्या ओळखीचा असतो. म्हणून बोटाला ओला गॉझ गुंडाळून गालाच्या बाजूने हिरड्या पुसण्यापासून आरंभ करावा, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते. दातांच्या दोन ओळींमध्ये बोट घालू नये. चावा बसण्याचा धोका असतो.

प्रत्यक्ष कृती अवघड नाही. रुग्णाला टेकून बसवावे व हनुवटी किंचित खाली असावी. बसणे अशक्य असल्यास उशाकडचा भाग उंच करून कुशीवर वळवावे; लकवा झालेली बाजू वर ठेवावी. उताणे झोपवून तोंडात पाणी ओतणे हा सर्वांत धोकादायक प्रकार होय. मऊ ब्रशवर वाटाण्याएवढीच पेस्ट पुरे. समोरच्या दातांपासून सुरुवात करून हळूहळू मागे जावे. लकवा झालेल्या बाजूच्या गालात अन्न साचून राहते व रुग्णाला ते जाणवत नाही, म्हणून ती बाजू आवर्जून पाहावी. चूळ भरता येत नसल्यास फेस गॉझने टिपून घ्यावा. कवळी रात्री काढून, घासून साध्या पाण्यात ठेवावी. उकळत्या पाण्याने ती वाकडी होते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाने तोंड घट्ट मिटले तर बळजबरी न करता थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा. ब्रश त्याच्याच हातात देऊन त्या हाताला आधार दिल्यास जुनी सवय पुष्कळदा आपोआप जागी होते.

रोज तोंड पाहणाऱ्या व्यक्तीच्या दृष्टीस आणखी काही पडू शकते. तंबाखूची सवय असलेल्यांची केवळ डोळ्यांनी केलेली नियमित मुखतपासणी मुखकर्करोगाचे मृत्यू कमी करते, असे केरळमधील अभ्यासाने २००५ मध्ये दाखविले. ती तपासणी प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी केली होती. सुनेकडून निदानाची अपेक्षा नाही. परंतु गालाच्या आत पांढरा वा लाल चट्टा दिसला, किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम आढळली, तर रुग्णाला सोलापूरच्या शासकीय सर्वोपचार रुग्णालयात किंवा बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात दाखवावे. भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीलाच सुरू झाली होती.